अंगणातले मूल, माजघरातली माहिती

सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस लंडनमधील हजारो घरांत एक वेगळीच भीती शिरली. ‘किडो’ या नावाने लंडन परिसरात १८ केंद्रे चालविणाऱ्या पाळणाघरांच्या साखळीतून सुमारे ८ हजार बालकांची माहिती हॅकर मंडळींनी पळविली. मुलांची नावे, छायाचित्रे, घरचे पत्ते, आईवडिलांचे दूरध्वनी क्रमांक असे सारे त्यात होते. खंडणीसाठी प्रथम दहा आणि मागाहून आणखी दहा बालकांची माहिती महाजालाच्या काळोख्या कोपऱ्यात उघड करण्यात आली. कर्मचाऱ्यांची माहितीही सुटली नाही. काही पालकांना तर थेट दूरध्वनीवरून धमकाविण्यात आले. सर्व थरांतून छी-थू झाल्यावर त्या टोळीने माहिती मागे घेतल्याचे सांगितले. पुढे ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश पोलिसांनी या प्रकरणी दोघांना अटक केली, तेव्हा दोघांचेही वय १७ वर्षांचे असल्याचे कळले. ज्यांना कायदा स्वतः बालक मानतो, त्यांच्यावर अंगावर पिणाऱ्या मुलांची माहिती विकायला काढल्याचा आळ यावा, ही आजच्या काळाची एक नोंद म्हणावी लागेल.

ही बातमी आपल्याकडील वृत्तपत्रांत आतल्या पानांवर आली आणि विरली. लंडन कोठे आणि रत्नागिरी जिल्ह्यातील अंजनवेल कोठे, असा विचार वाचणाऱ्याच्या मनात आला असेल, तर त्यात नवल नाही. पण दूरच्या शहरात घेतलेले निर्णय आपल्या अंगणापर्यंत कसे येतात, हे अंजनवेलला कोणी शिकवायला नको. वाशिष्ठी नदी समुद्राला मिळते तेथे, दाभोळ खाडीच्या दक्षिण काठावर हे गाव वसले आहे. माथ्यावर गोपाळगड आहे, दीपगृह आहे, आणि एन्रॉनचा तो प्रसिद्ध प्रकल्पही याच परिसरातला. त्याला नाव मिळाले खाडीपलीकडच्या दाभोळचे, जमीन मात्र गेली अंजनवेल, वेलदूर, रानवी या गावांची. डिसेंबर १९९३ मध्ये झालेला वीजखरेदी करार जनतेपुढे ठेवा, अशी मागणी होत असताना गोपनीयतेचे कारण पुढे करण्यात आले. ऑगस्ट १९९५ मध्ये युती सरकारने तो करार रद्द केला, पुढे तो नव्याने झाला, आणि डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टनची ती बलाढ्य कंपनी दिवाळखोरीत निघाली. त्या काळी मोठ्यांचे कागद गुप्त होते आणि सामान्य माणसाचा सातबारा सर्वांसमोर होता. तीन दशकांनंतर सातबाऱ्याची जागा तान्ह्या मुलाच्या वजनाने घेतली आहे, एवढाच काय तो फरक.

खासगीपणा परका नव्हे

व्यक्तिगत माहितीचा प्रश्न निघाला की आपल्यातील बरेच सुशिक्षित लोक एक ठरलेले वाक्य बोलतात. खासगीपणा ही पाश्चात्त्य कल्पना आहे, आपल्याकडे सारे गावच कुटुंब असते, त्यात लपवायचे काय, असा त्याचा मथितार्थ. हे बोलणाऱ्यांनी कोकणातील जुने घर नीट पाहिलेले दिसत नाही. अंगण सर्वांसाठी खुले. पडवीत कामाचा माणूस बसे, ओटीवर पाहुणा. माजघरात घरच्या माणसांखेरीज कोणी शिरत नसे, आणि देवघर व स्वयंपाकघर यांचे नियम तर त्याहून कडक. कोणी कोठवर यावे याची मर्यादा भिंतीवर लिहिलेली नव्हती, तरी ती प्रत्येकाला ठाऊक होती. ही मर्यादा पाळताना जातिभेदाची कुरूप भेसळ झाली, हे मान्यच करावे लागेल आणि ती भेसळ टाकून देण्याजोगीच होती. परंतु घराला बाहेरची व आतली अशा दोन बाजू असतात, ही समज मात्र परक्या देशातून आलेली नाही.

माहितीच्या बाबतीतही हेच होते. सुनेला दिवस गेल्याची गोष्ट तिसरा महिना सरेपर्यंत घराबाहेर बोलायची नाही, असा दंडक असे. बाळाचे अंग धरले, वजन भरले, असे कोणी मोठ्याने म्हणाले तर आजी गालावर काजळाची तीट लावी. या रीतींना अंधश्रद्धा म्हणून हसणे सोपे आहे. दृष्ट लागते की नाही हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी गर्भ राहिला नाही तर त्या मुलीला चारचौघांच्या प्रश्नांना तोंड द्यावे लागू नये, एवढे शहाणपण त्या दंडकात निश्चित होते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. आपल्या आज्यांनी त्याला हे नाव दिले नव्हते, इतकेच.

‘अंगणवाडी’ या शब्दातील अंगणही येथे आठवावे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर जे बालशिक्षणाचे काम उभे केले, त्यात ही कल्पना रुजली. वंचित वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. २ ऑक्टोबर १९७५ पासून सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने हा शब्द देशभर नेला. शिकवणाऱ्या बाईंनी अंगणापर्यंत यावे, मुलांना गोळा करावे, आणि घरच्यांचा विश्वास बसला म्हणजे तेच तिला आत बोलावतील, असा तो क्रम होता. आज अंगणवाडीतील नोंदी थेट माजघरात शिरल्या आहेत. त्या कोणी बोलावून आल्या, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

कपाटातील वही आणि हातातील फोन

पूर्वी अंगणवाडीत ११ नोंदवह्या असत. कुटुंबाची माहिती, आहाराचा साठा, आहारवाटप, गर्भारपण आणि बाळंतपण, लसीकरण, गृहभेटी, मुलांचे वजन अशी त्यांची विभागणी होती. त्या लिहिताना सेविकेचा अर्धा दिवस जाई आणि त्यात चुकाही होत. पण या वह्यांचा एक गुण होता. त्या एका लोखंडी कपाटात असत, कपाटाची किल्ली एका बाईंच्या कमरेला असे, आणि त्या बाई गावातल्याच असत. वही बाहेर गेली तर कोणी नेली हे गावाला कळे. सेविकेने कोणाच्या घरचे काही बोलून दाखविले तर तिला विचारण्याची सोय होती.

मार्च २०२१ पासून केंद्र शासनाचे ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप या वह्यांच्या जागी आले. देशातील सुमारे १४ लाख आणि महाराष्ट्रातील सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्यांना ते एकच. अंजनवेलच्या मातेची नोंद आणि मेळघाटातील मातेची नोंद एकाच साच्यात भरली जाते. नाव, आधार क्रमांक, भ्रमणध्वनी, प्रसूतीची अपेक्षित तारीख, मुलाची उंची, वजन, ते तीव्र कुपोषित आहे की मध्यम, हे सारे त्यात येते. या व्यवस्थेचा उपयोग नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. जव्हार, मोखाडा आणि मेळघाटातील बालमृत्यूंनी १९९० च्या दशकात महाराष्ट्राची मान खाली घातली, तेव्हा कोणते मूल किती दिवस खंगत होते हे जिल्ह्याच्या ठिकाणी वेळेवर कळतच नव्हते. कागदावर पोषक आहार वाटला जाई आणि प्रत्यक्षात तो कोठे जाई याच्या सुरस कथा त्या काळच्या पत्रकारांना पाठ आहेत. खोटे लाभार्थी गळावेत, खऱ्या मुलाच्या ताटात अन्न पडावे, यासाठी नोंद हवीच.

परंतु नोंद हवी यातून ती कशीही घ्यावी, कोठेही ठेवावी आणि कोणालाही दिसावी असा अर्थ निघत नाही. महाराष्ट्रातील सेविकांनी ऑगस्ट २०२१ मध्ये शासनाने दिलेले फोन परत करण्याचे आंदोलन केले, ते अनेकांना आठवत असेल. फोन जुने, क्षमता अपुरी, हमीची मुदत संपलेली, आणि ॲपची भाषा इंग्रजी. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. त्या वेळी चर्चा झाली ती फोनच्या किमतीची आणि सेविकांच्या अडेलपणाची. एक गोष्ट तिच्यात राहूनच गेली. शासकीय फोन चालेना, म्हणून सेविकेने स्वतःचा किंवा घरातील मुलाचा फोन वापरला, की गावातील प्रत्येक गरोदर स्त्रीची नोंद त्या घरगुती फोनमधून जाते. त्याच फोनवर घरचा मुलगा खेळ खेळतो. फोन बिघडला की तो चिपळूणच्या वा गुहागरच्या दुकानात दुरुस्तीला जातो, जुना झाला की विकला जातो. लंडनच्या हॅकरची येथे गरजच नाही.

१ जुलै २०२५ पासून घरपोच आहार देताना मातेचा अथवा पालकाचा चेहरा टिपून तो आधारच्या नोंदीशी जुळविणे बंधनकारक झाले. देशभरातील सेविकांनी या पद्धतीतील अडचणी पुन्हा पुन्हा मांडल्या आहेत. जाळे मिळत नाही, चेहरा जुळत नाही, आणि ओटीपी जातो भलत्याच फोनवर. कोकणात या शेवटच्या अडचणीला विशेष धार आहे. घरातील एकमेव नोंदविलेला क्रमांक बहुधा मुंबईला असलेल्या चाकरमान्याचा असतो, नाहीतर आखातात गेलेल्या मुलाचा. तो नालासोपाऱ्याहून गाडी पकडण्याच्या गडबडीत असतो आणि इकडे त्याची बायको कडेवर मूल घेऊन अंगणवाडीत उभी असते. मग सेविका त्याला फोन करते, तो ओटीपी सांगतो आणि आहाराचे पाकीट हाती पडते.

यात कोणाचीच लबाडी नाही. पण एका शासकीय कामासाठी एक सबंध पिढी, फोनवर आलेल्या ओळखीच्या किंवा अनोळखी आवाजाला ओटीपी सांगायला शिकते आहे. दुसरीकडे बँका आणि पोलीस ओटीपी कोणालाही सांगू नका म्हणून कानीकपाळी ओरडत आहेत. अंगणवाडीतून बोलतो, मातृवंदना योजनेतून बोलतो, तुमचे पैसे अडकले आहेत, असे सांगून नवमातांना लुबाडल्याच्या तक्रारी देशाच्या निरनिराळ्या भागांतून पोलिसांकडे गेल्या आहेत. नुकतीच बाळंत झालेली स्त्री कोणती, तिचा क्रमांक कोणता, ती कोणत्या योजनेची वाट पाहते, एवढे ठाऊक असलेला माणूस तिला फसवू शकतो. ही माहिती त्याला कोठून तरी मिळालेली असते.

यात सेविकेची कोंडी सर्वांत मोठी आहे आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही. गावातील सर्वांची माहिती तिच्या हातात, म्हणून माहिती फुटली तर बोट तिच्याकडे. पण तिची स्वतःची माहिती? तिचा क्रमांक फलकावर लिहिलेला. ती केंद्र किती वाजता उघडते, मुलांची छायाचित्रे कधी टाकते, हे वरपर्यंत दिसते. पर्यवेक्षिकेने काढलेल्या व्हॉट्सॲप गटात कोणाचे काम मागे आहे त्याची यादी नावानिशी फिरते. मानधनावर काम करणाऱ्या या बाईला कर्मचारी म्हणून मिळणारे संरक्षण नाही, देखरेख मात्र पुरेपूर आहे. त्याच गटात आहार खाणाऱ्या मुलांची छायाचित्रेही पुरावा म्हणून पडत असतात. ती कोणी साठवितो, कोणी पुढे ढकलतो, याचा हिशेब कोणाकडे असणे शक्यच नाही.

डोळा कोणाचा?

यावर लगेच एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. मुलांची सुरक्षा महत्त्वाची की खासगीपणा? नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघर येथील एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला आयाने केलेली मारहाण कॅमेऱ्यामुळेच उघड झाली. कॅमेरा नसता तर त्या अर्भकाची साक्ष कोण देणार होते? ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील शिशुवर्गाच्या दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाल्याचे उघड झाले आणि अवघा महाराष्ट्र हादरला. त्यानंतर राज्य शासनाने शाळांना महिन्याच्या आत सीसीटीव्ही बसविण्याचा आदेश दिला. तो देणे भागच होते.

मात्र खारघरच्या त्या चित्रणाचे पुढे काय झाले ते आठवावे. ते वाहिन्यांवर दिवसरात्र दाखविले गेले. फोनाफोनी फिरले. ज्या मुलीवर तो प्रसंग गुदरला, तिचे आईवडील ते किती वेळा पाहत असतील, याचा विचार करायला कोणाला सवड नव्हती. ती मुलगी आता दहा वर्षांची होत आली आहे. ते चित्रण अजूनही कोणाकोणाच्या फोनमध्ये असेल. न्यायालयाला पुरावा हवा होता. तो साऱ्या देशाने पाहायला हवा होता, असे नाही. लैंगिक अत्याचारातील बालकाची ओळख उघड करण्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम २३ ने बंदी घातली आहे. बालन्याय अधिनियम २०१५ चे कलम ७४ तेच सांगते. तरीही अशी घटना घडली की पहिल्या दोन तासांत शाळेचे नाव, गल्ली, वडिलांचा व्यवसाय अशा खुणा हातोहात फिरतात, आणि फिरविणाऱ्यांत संताप अनावर झालेले सज्जनच अधिक असतात.

कॅमेरा बसविणे हे अर्धेच काम आहे. चित्रण कोण पाहू शकतो, किती दिवस ठेवतात, प्रत कोणाला देतात, कॅमेरा बसविणाऱ्या ठेकेदाराकडे संकेतशब्द तसाच राहतो का, हे उरलेले अर्धे. शहरातील काही पाळणाघरे पालकांना कार्यालयात बसून मूल पाहण्याची सोय देतात आणि तिची जाहिरात करतात. एक पालक आपले मूल पाहतो, तेव्हा तो इतर वीस मुलेही पाहत असतो. त्या वीस घरांना विचारले होते काय?

कायदा आला, पण कोणासाठी?

डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत. अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीला या कायद्याने बालक मानले आहे. बालकाची माहिती घेण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यायची, मुलाच्या हिताला बाधा येईल असा वापर करायचा नाही, मुलाच्या वागण्यावर पाळत ठेवायची नाही, त्याच्यावर रोखलेल्या जाहिराती करायच्या नाहीत, ही कलम ९ ची चौकट. भंग झाल्यास दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. सुरक्षिततेसाठी पाळणाघरांना आणि शाळांना देखरेखीची मर्यादित मुभा नियमांत दिली आहे, ती योग्यच म्हटली पाहिजे. आणखी एक तरतूद मराठी पालकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. संमती मागताना ती घटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावाच लागेल. पुण्यातील एखादे पाळणाघर चार पानी इंग्रजी अर्जावर सही घेते आणि मागितली तरी मराठी प्रत देत नाही, ही पद्धत पुढे चालणार नाही.

इथवर सारे ठीक. पण देशातील बालकांची सर्वाधिक माहिती कोणत्या कंपनीकडे नाही. ती शासनाकडे आहे, आणि अनुदान, लाभ, सेवा देण्यासाठी माहिती वापरताना शासनाला संमतीची गरज नाही, असे याच कायद्याचे कलम ७ म्हणते. शासनाने पाळावयाची मानके नियमांना जोडली आहेत, हे खरे. परंतु माहिती पुसून टाकण्याचा अधिकार कलम १२ ने दिला तो संमतीने दिलेल्या माहितीपुरता. म्हणजे खेळण्यांच्या दुकानाला दिलेला क्रमांक अंजनवेलची आई पुसायला लावू शकेल. आपले मूल दीड वर्षाचे असताना तीव्र कुपोषित होते, ही नोंद मात्र तिला तशी पुसता येणार नाही.

शासन आपले आहे, मग भीती कशाची, असे म्हणणारे भेटतात. शासन कोणाचे हा प्रश्न येथे गैरलागू आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाची संगणक व्यवस्था हल्लेखोरांनी ठप्प केली, तेव्हा ती देशातील सर्वोत्तम शासकीय संस्था होती. जानेवारी २०१८ मध्ये ‘ट्रिब्यून’ दैनिकाने ५०० रुपयांत आधारची माहिती मिळते, असे दाखवून दिले, त्याच्याही मुळाशी परदेशी कट नव्हता. आपल्याच व्यवस्थेतील कोणीतरी किल्ली विकली होती. सरकारे येतात, जातात. साठविलेली माहिती राहते आणि पुढच्याच्या हाती जाते. ज्यांनी १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात पोलिसांच्या याद्यांचा अनुभव घेतला, त्यांच्या घरात तरी हे समजावून सांगण्याची गरज नसावी.

बाल आधारच्या बाबतीत संसदेने एक दिलासा दिला आहे. पाच वर्षांखालील मुलाचे बोटांचे ठसे घेतले जात नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकांनी काढलेले आधार मुलाला अठरावे वर्ष पूर्ण झाल्यापासून सहा महिन्यांत रद्द करून मागता येते, आणि आधारअभावी कोणत्याही मुलाला लाभ नाकारता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती अमान्य केली. तरीही प्रवेशाच्या वेळी आधारची प्रत मागितली जातेच आणि पालक ती देतातच, झेरॉक्सच्या दुकानात चार वाढीव प्रती सोडून.

स्मरणिकेतील छायाचित्र

आता थोडे आपल्या घरातले. शासनावर आणि लंडनच्या हॅकरांवर बोलणे सोपे असते. महाराष्ट्रात शेकडो बालवाड्या, संस्कारवर्ग, पाळणाघरे आणि वसतिगृहे समाजाच्या पैशावर, कार्यकर्त्यांच्या घामावर चालतात. त्यांचे हेतू निर्मळ आहेत. पण त्यांच्या वार्षिक अहवालाची पाने उलगडून पाहावीत. एखाद्या पानावर पाच वर्षांच्या मुलीचे छायाचित्र असते, खाली पूर्ण नाव, वस्तीचे नाव, आणि मजकूर असा की वडील दारूच्या आहारी गेले आहेत, आई धुणीभांडी करते, मूल संस्थेत आले तेव्हा अंगावर धड कपडा नव्हता. हे वाचून देणगीदाराचे डोळे पाणावतात, धनादेश येतो, काम पुढे जाते. त्या मुलीला मात्र कोणी विचारलेले नसते. ती मोठी होते, शिकते, नोकरीला लागते, लग्न ठरते. स्मरणिका कोणाच्या तरी माळ्यावर असते, आणि हल्ली ती स्कॅन होऊन संस्थेच्या संकेतस्थळावरही असते. तिच्या सासरच्या कोणी तिचे नाव शोधले तर पहिल्यांदा काय सापडेल?

आपल्या परंपरेत दानाचा उच्चार न करणे हे दात्याचे भूषण मानले गेले आहे. दान घेणाऱ्याचे नाव छापणे त्यात कसे बसते, हे कळणे कठीण आहे. पूर्वीच्या कार्यकर्त्यांच्या दैनंदिनीत अशा कित्येक घरांच्या कथा असत आणि त्या तेथेच राहत. एखाद्या घरात काय चालले आहे हे प्रचारकाला, शिक्षिकेला, डॉक्टरला ठाऊक असे, पण ते बैठकीत बोलले जात नसे. आज बैठक संपण्यापूर्वी छायाचित्र चार गटांत गेलेले असते. उत्साहाचा दोष नाही, हातातील साधन बदलले आहे.

नव्या कायद्याने या संस्थांना वेगळे काढलेले नाही. दोनशे कोटींचा दंड कोणी वस्तीतील बालवाडीला लावेल असे नव्हे, पण संमतीचे बंधन तिलाही आहे. विशेष खर्चाचे यात फार थोडे आहे. मुलाची माहिती घेताना खरोखर लागते तेवढीच घ्यावी. रक्तगट आणि ॲलर्जी हवी, वडिलांचे उत्पन्न आणि जात प्रत्येक अर्जात कशाला हवी, हे विचारावे. छायाचित्रासाठी आईवडिलांची वेगळी संमती घ्यावी, मराठीत आणि समजावून. त्यांनी नाही म्हटले तरी मुलाच्या प्रवेशावर किंवा वागणुकीवर त्याचा परिणाम होता कामा नये. अहवालात मुलांच्या पाठमोऱ्या आकृती, त्यांची चित्रे, हातांनी केलेल्या वस्तू छापता येतात. चेहरा नसला म्हणून काम लहान होत नाही. सोडून गेलेल्या मुलांचे अर्ज किती वर्षे ठेवायचे हे ठरवून बाकीचे जाळून टाकावेत. रद्दीत घालू नयेत, कारण रद्दीच्या पुड्यांतून आपल्याकडे बरेच काही वाचले जाते. सेविका, शिक्षिका आणि मदतनीस यांचे आधार, बँक खाते, घरचे पत्ते हेही कार्यालयाच्या उघड्या फाइलीत नकोत. आणि माहिती फुटलीच, तर ती दडपून संस्थेचे नाव राखण्याऐवजी पालकांना त्याच दिवशी सांगावे. नव्या कायद्याने तेही बंधनकारक केले आहे.

शासनाकडे मागायच्या गोष्टीही मोजक्याच आहेत. चेहरा जुळला नाही म्हणून एकाही मातेचा आहार अडू नये, असा लेखी आदेश प्रत्येक अंगणवाडीच्या भिंतीवर हवा. नोंदींसाठीचा फोन शासनाचा असावा आणि तो त्याच कामापुरता असावा. ‘पोषण ट्रॅकर’मधील आपल्या मुलाची नोंद आईला मराठीत वाचता यावी, चुकली असेल तर दुरुस्त करून घेता यावी, आणि ती नोंद कोणकोणत्या कार्यालयाने उघडली हे तिला कळावे. बँकेच्या पासबुकात जसा प्रत्येक व्यवहार दिसतो, तसे. पोषणाचे काम संपल्यावर व्यक्तिगत नोंद किती वर्षांनी नष्ट होणार, याची मुदत जाहीर व्हावी. संशोधकांना आणि नियोजनाला नावाविना आकडे पुरतात.

२०२६ मध्ये अंजनवेलच्या अंगणवाडीत बसणारी तीन वर्षांची मुलगी २०४१ मध्ये अठरा वर्षांची होईल. त्या वेळी तिच्या हाती सहा महिने असतील आणि आधार ठेवायचे की रद्द करायचे, हे ती ठरवू शकेल. तोवर तिच्या नावावर शाळेतील ‘यू-डायस’ची नोंद असेल, ‘अपार’चा बारा आकडी क्रमांक असेल, लसीकरणाची आणि शिष्यवृत्तीची खाती असतील. त्या साऱ्यांच्या तळाशी २०२६ च्या पावसाळ्यात एका बाईंनी, जाळे येत नाही म्हणून अंगणवाडीच्या पायरीवर उभे राहून, फोनवर भरलेले तिचे वजन असेल.